इथं फक्त कॉफी

मंठ्याच्या सरकारी दवाखान्यातून दीपमालाबाई निवृत्त झाल्या, त्या दिवशी निरोपाच्या कार्यक्रमात डॉक्टरांनी सहज विचारलं, "मग सिस्टर, आता पुढं काय?"

शेजारी बसलेले देवानंद सर, म्हणजे बाईंचे यजमान, त्यांच्याआधीच बोलले, "पुढं काय, आराम! लई पळाली ती."

"आराम न्हाई," दीपमालाबाई म्हणाल्या. "कॉफीचं दुकान टाकणार हाय मी. घराच्या पुढच्या खोलीत."

सगळे हसले. दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या. सिस्टर मधूनमधून असं काहीतरी बोलून वॉर्ड हसवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवानंद सरही हसले. मात्र घरी जाताना रिक्षात त्यांनी बायकोकडं नीट बघितलं, आणि ही थट्टा नव्हती हे त्यांना कळलं.

दीपमालाबाईंची आणि कॉफीची ओळख जुनी होती. नर्सिंगच्या ट्रेनिंगला त्या औरंगाबादला होत्या, तेव्हाची. वसतिगृहात त्यांच्या खोलीत चिकमंगळूरकडची फिलोमिना नावाची मुलगी होती. तिचे वडील कॉफीच्या मळ्यात कामाला. दर सुट्टीनंतर ती कापडी पिशवीत कॉफीची पूड घेऊन यायची आणि सोबत एक पितळी फिल्टर. वरच्या भांड्यात पूड दाबून बसवायची, उकळतं पाणी ओतायचं आणि खाली थेंबथेंब उतरणाऱ्या काळ्याभोर अर्काची वाट बघत बसायचं.

तोवर दीपमालाला माहीत असलेली कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी केलेलं, जायफळ घातलेलं गोडमिट्ट दूध. रंगापुरती चिमूटभर पूड. फिलोमिनाच्या कॉफीचा पहिला घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं. "औषध हाय का हे?" असं तिनं विचारलंसुद्धा. फिलोमिना हसून म्हणाली, "एक हप्ता पी, फिर बोल."

हप्ता उलटला नाही तोच दीपमाला तिच्या आधी उठून पाणी ठेवायला लागली. ड्यूटीला जायच्या आधी दोघी खिडकीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसायच्या. अंगावर पांढरे गणवेश, हातात गरम पेला. तेवढ्या वेळात कुणी पेशंट हाक मारत नसे, कुणी मेट्रन ओरडत नसे. चार भावंडांत वाढलेल्या त्या मुलीला आपल्या एकटीच्या आवडीची अशी एखादी गोष्ट असू शकते, हेच नवं होतं.

ट्रेनिंग संपलं. फिलोमिना आखातात नोकरीला गेली, तिचा फिल्टरही तिच्यासोबत गेला. दीपमालाचं लग्न झालं. देवानंद सर जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, घर चहाचं. तिची नेमणूक मंठा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर झाली. कॉफी सुटली. कुणी सोडायला लावली असंही नाही. मिळत नव्हती, म्हणून सुटली.

उपकेंद्रावरच्या नर्सला गावोगाव फिरावं लागतं. गरोदर बायांची नावं घ्यायची, लेकरांना डोस पाजायचे, बाळंतपणं करायची. जिथं जावं तिथं चहा. बहुतेक घरांत तो मायेनं मिळायचा. पण काही घरं अशीही होती, की दाराबाहेरच्या कोनाड्यात एक गिलास नुसता या बाईंसाठी ठेवलेला असे. बाबासाहेबांच्या वाटेनं गेलेल्या घरातली ही पोर, तिला चहा त्यातूनच. पिऊन झाला की तिनंच विसळायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा.

एका गावात सरपंच तातेरावांच्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं. मूल पायाळू. गाडी मिळेना, रस्ता धड नाही. दीपमालानं जिवाचं रान करून बाई सोडवली. पोरगं रडलं तेव्हा तातेरावांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, तिचे दोन्ही हात धरून ते आपल्या कपाळाला लावले. त्यानंतर चहा आला. कोनाड्यातल्या गिलासात.

दीपमाला हसूनच म्हणाली, "चहा नको मला. सोडलाय. पोटाला चालत न्हाई."

त्या दिवसापासून तिनं कुणाच्याच घरी चहा घेतला नाही. मायेनं देणाऱ्यांच्या घरीसुद्धा नाही, कारण एकाला हो आणि एकाला नाही म्हटलं की गावात बोलणं होतं. "सिस्टरला चहा चालत न्हाई" हे अख्ख्या सर्कलला पाठ झालं. पुढं तर खुद्द तिच्या घरीही ती नावापुरता घोटभर घ्यायची. देवानंद सरांना वाटायचं, बायकोचं पोट खरंच नाजूक आहे.

वर्षं गेली. उपकेंद्रावरून त्या मंठ्याच्या दवाखान्यात आल्या, पोरगा सुमित शिकला, जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर झाला, त्याचं लग्न झालं, नात झाली. मग कोरोना आला. दवाखान्यातल्या सगळ्यांसारखा तो दीपमालाबाईंनाही झाला आणि बराही झाला. जाताना नाकातला वास तेवढा घेऊन गेला.

फिनेलची बाटली नाकाशी धरली तरी काही नाही. लसणाची फोडणी नाही, नातीच्या केसांतलं तेल नाही. भाकरी चावताना चिखल चावल्यासारखं वाटायचं. डॉक्टर म्हणत, येईल हळूहळू. महिने गेले, आला नाही. बाई ड्यूटी करत राहिल्या आणि पोटात जावं म्हणून जेवत राहिल्या.

अशातच चार दिवस रजा काढून त्या सुमितकडं जालन्याला गेल्या. भाजी घेऊन जिना चढत होत्या. पहिल्या मजल्यावर आल्या आणि पाऊल उचलेना. नाकात काहीतरी शिरलं होतं. आधी नुसतं टोचल्यासारखं, मग करपट, मग त्या करपट वासाच्या आत आणखी एक वास. खिडकीचा कट्टा, पितळी फिल्टर, फिलोमिना.

त्यांनी समोरचं दार वाजवलं. केसांत मोगरा माळलेल्या एका बाईनं दार उघडलं, हातात कालथा तसाच.

"आप क्या भुन रहे हो?" दीपमालाबाईंनी विचारलं.

ती बाई घाबरली. "कॉफी, अम्मा. धुवाँ हो गया क्या? सॉरी..."

"न्हाई, न्हाई. मुझे वास आया! पाच-सहा महिने से कुछ वास नहीं आया था. तुम्हारा आया!"

एवढं बोलून त्या भाजीची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवरच बसल्या आणि रडायला लागल्या. त्या बाईनं कालथा टाकला, त्यांना हाताला धरून आत नेलं. तिचं नाव भुवनेश्वरी. नवरा रोलिंग मिलमध्येच फिटर, माहेर तमिळनाडूत, सेलमजवळच्या डोंगरातलं. भाऊ तिकडून कच्च्या बिया पाठवायचा, ती लोखंडी कढईत भाजायची. तिनं लगेच कॉफी केली, उंचावरून ओतून फेस आणला आणि स्टीलच्या गिलास-वाटीत पुढं ठेवली.

दीपमालाबाईंनी आधी नुसता वास घेतला. मग घोट. कडू लागली, आणि त्या कडूपणानं जिभेला जाग आल्यासारखं झालं. दुसऱ्या घोटाला दूध लागलं, तिसऱ्याला साखर. गिलास संपला तेव्हा त्यांनी तो पुढं केला आणि लाज न बाळगता म्हटलं, "और थोडा है क्या?"

चार दिवस त्या रोज खाली जाऊन बसल्या. सून पायल म्हणायची, "मम्मी आमच्याकडं आल्यात का खालच्यांकडं?" निघताना भुवनेश्वरीनं त्यांना एक जुना फिल्टर आणि बियांची पुडी दिली. भाजायचं कसं, रंग कुठवर येऊ द्यायचा, थंड झाल्याबरोबर का दळायचं नाही, हे सगळं तिनं आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं आणि बाईंनी ते पेशंटच्या औषधासारखं ध्यानात ठेवलं.

मंठ्यात आल्यावर रोज पहाटे कॉफी व्हायला लागली. हळूहळू बाकीचे वासही परतले. मग त्या थर्मास भरून दवाखान्यात न्यायला लागल्या. आधी एका सिस्टरनं चाखली, मग वॉर्डबॉयनं, मग डॉक्टरांनी. थर्मास मोठा घ्यावा लागला. "सिस्टर, आज आणली का?" ही दवाखान्यातली सकाळची पहिली विचारपूस झाली. लोक डोळे मिटून पहिला घोट घेताना बघितले की बाईंना मनातून फार बरं वाटे. निवृत्तीची तारीख जवळ आली तेव्हा दुकानाचं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलेलं होतं.

देवानंद सरांना मात्र ते पटेना.

"मंठ्यात चहाची हाटेलं कमी हायेत का?"

"चहाची हायेत. कॉफीचं एक तरी दाखवा."

"अगं, पितंय कोण कॉफी? डोकं दुखलं तर लोक कॉफी पितात. रोज कोणाचं डोकं दुखतंय?"

सरांची खरी भीती बाहेर आली ती पेंटर पाटी रंगवायला आला त्या दिवशी. पुढच्या खोलीत भिंत रंगवायची म्हणून सामान हलवणं चालू होतं. त्या भिंतीवर, घर बांधल्यापासून, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. सरांनी दोन्ही फोटो जपून उतरवले आणि म्हणाले, "हे आतल्या खोलीत लावू या."

"कामून?"

सर जरा घुटमळले. "हे बघ, तू दवाखान्यात सुई टोचली तर लोक गप घेतात. जिवाची गोष्ट असती. हाटेलात तसं न्हाई. तिथं माणूस बघतो कोणाच्या हातचं पितोय ते. तोंडावर कोणी बोलत न्हाई आता. नुसतं येत न्हाईत. म्या स्टाफरूममध्ये बघितलंय ते सगळं. तुझं दुकान रिकामं पडलेलं मला बघवणार न्हाई."

दीपमालाबाईंनी सरांच्या हातातल्या फोटोंकडं बघितलं. नवरा घाबरलाय तो आपल्यासाठी, हे त्यांना कळत होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "सारा तालुका ओळखतो मला. मी कोण, कुठल्या घरची, सगळ्यांना म्हाईत हाय. ज्याला यायचं न्हाई तो फोटो काढला म्हणून येणार हाय का? फोटो जिथं होते तिथंच राहतील. लोकांना येऊ द्या न्हाईतर न येऊ द्या."

सरांनी खांद्यावरच्या उपरण्यानं दोन्ही फोटोंच्या काचा पुसल्या. रंग वाळल्यावर त्यांनी स्वतः स्टुलावर चढून ते पहिल्या जागी लावले. पेंटरनं पाटी लिहिली: "सिस्टरची कॉफी". खाली बारीक अक्षरात बाईंनी आणखी एक ओळ लिहून घेतली: "इथं फक्त कॉफी मिळेल."

दुकान उघडलं त्या सकाळी बाईंनी बिया भाजायला घेतल्या आणि धूर गल्लीत गेला. शेजारची कौसल्या पाण्याची बादली घेऊन पळत आली, "सिस्टर, काय पेटलं हो?" तिला बसवून पहिला गिलास तिलाच दिला.

सुरुवातीचे दिवस अवघड गेले. माणसं येत, पण दवाखान्यात आल्यासारखी. "सिस्टर, ही कशावर असती?" एकानं विचारलं. दुसऱ्यानं शुगरचा रिपोर्टच काढून दाखवला आणि दिवसातून किती वेळा घ्यायची ते विचारलं. काहींना चहा हवा असे, तो नाही म्हटल्यावर ते तसेच फिरत. आणि काही जण पायरीवर येऊन, भिंतीकडं एक नजर टाकून, काहीतरी विसरल्यासारखं करून माघारी जात. ते बाई बघत. बाई बघताहेत हे सरही बघत. संध्याकाळी उरलेली कॉफी दोघं मिळून पीत.

"निदान सकाळचा चहा ठेव," सर एकदा म्हणाले.

"पाटीवर काय लिव्हलंय?" एवढंच उत्तर आलं.

दुकान चालायला लागलं ते बायकांमुळं. स्टँडजवळच्या हॉटेलांत पुरुषांची गर्दी, बाई माणूस तिथं कशी बसणार? खेड्यांतून दवाखान्यात, बाजाराला आलेल्या बायका बसची वाट बघत उन्हात उभ्या राहत. कौसल्यानं त्यातल्या दोघींना आणून बसवलं. त्यांनी आणखी चौघींना सांगितलं. सिस्टरकडं पंखा आहे, पाणी आहे, लेकराला पाजायला आडोसा आहे आणि सिस्टर तर आपल्याच. बऱ्याच जणींची बाळंतपणं याच हातांनी केलेली. रतीबाचं दूध घालणाऱ्या जयवंताबाईंनी आपल्याच म्हशीच्या दुधाची कॉफी पिऊन बघितली, तोंड मुरडलं, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "कडू हाय. आणिक द्या." बायकांनी जायफळ मागितलं, तर बाईंनी किसणी आणून ठेवली. फिलोमिनानं बघितलं असतं तर कपाळाला हात लावला असता, पण गिऱ्हाइकाला आवडतंय म्हटल्यावर बाईंनी तेवढी मोकळीक दिली.

अशाच एका बाजाराच्या दिवशी तातेराव आणि दुर्गाबाई दवाखान्यातून परत चालले होते. तातेराव आता थकले होते, काठी टेकत होते. दुर्गाबाई रक्त तपासायला उपाशीपोटी आलेल्या, त्यांना दुकानासमोर गरगरल्यासारखं झालं. त्या सरळ आत येऊन बाकावर बसल्या. तातेराव पायरीवर उभे राहिले. त्यांनी भिंतीकडं बघितलं, मग दीपमालाबाईंकडं.

"चल," ते बायकोला म्हणाले, "स्टँडवर घेऊ चहा."

"मला हितंच घ्यायचंय," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुमी कामून उभे राह्यलात? या की आत."

आत बसलेल्या बायकांनी सरकून जागा केली. तातेराव आले आणि बाकाच्या टोकाला टेकले. दीपमालाबाईंनी सगळ्यांना देतात तशाच गिलास-वाटीत दोघांना कॉफी दिली. दुर्गाबाई फुंकर घालून हळूहळू प्यायल्या. तोंडावर जरा रंग आला.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "तुमच्या हातानं झालेला आमचा नातू आता पुण्याला नोकरीला हाय बरं का."

"लई चांगलं झालं."

"तुमाला तर चहा चालत नव्हता ना? पोटाला?"

"चहा न्हाईच चालत," दीपमालाबाई त्यांच्याकडं बघत म्हणाल्या. "कॉफी चालती."

इतक्या वर्षांपूर्वी चहा का नाकारला होता, ते दुर्गाबाईंना तेव्हा कळलं असावं. त्यांची मान खाली गेली. मग त्या उठल्या, आपला आणि नवऱ्याचा रिकामा गिलास उचलला आणि कोपऱ्यातल्या नळाकडं निघाल्या.

दीपमालाबाईंनी वाटेतच त्यांचा हात धरला. "ठेवा ते."

"विसळू द्या मला, सिस्टर."

"न्हाई. माझ्या दुकानात कोणी आपला गिलास विसळत न्हाई. ती पद्धत हितं न्हाई."

आवाज चढला नव्हता, तरी खोलीतल्या प्रत्येकीला ऐकू गेला. दुर्गाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गिलास बाईंच्या हातात दिले. तातेरावांनी टोपी काढून मांडीवर घेतली. मग ते म्हणाले, "सिस्टर, आणिक एक मिळंल का? साखर जरा कमी."

"मिळंल की," दीपमालाबाई म्हणाल्या आणि वळल्या. दारात देवानंद सर उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते पुढं झाले आणि तातेरावांचा गिलास त्यांनी स्वतः नेऊन दिला.

पुढच्या आठवड्यात तातेराव त्यांच्या गावच्या चौघांना घेऊन आले. पायरीवरून माघारी फिरणारे अजूनही कुणी कुणी असतात, पण आता बाकांवर इतकी गर्दी असते की बाईंना ते दिसतच नाहीत. तहसीलचे कारकून येतात, शाळेतले मास्तर येतात, कॉलेजच्या पोरी वह्या घेऊन बसतात. जालन्याहून भुवनेश्वरी आली होती. तिनं घोट घेऊन बघितला, "अम्मा, साखर जास्त है," म्हणाली. "हा मंठा है," बाईंनी तिला समजावलं, "इधर इतनी लगतीच." तिनं मग जायफळाचीही मागून बघितली.

देवानंद सरही दिवसभर दुकानातच असतात. भाजण्याचं काम आता त्यांच्याकडं आहे. नव्या गिऱ्हाइकाला ते बी मुठीत धरायला देतात आणि मळा कसा असतो, फळ लाल कसं होतं, हे फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं सांगतात. मळा त्यांनी स्वतः अजून बघितलेला नाही.

परवा सर स्टँडवर पेपर घ्यायला गेले होते. परभणीच्या गाडीतून उतरलेला एक जण कंडक्टरला वकिलाच्या ऑफिसचा पत्ता विचारत होता. कंडक्टरनं हात लांब करून सांगितलं, "सरळ जा, सिस्टरची कॉफी लागंल, तिथून डावीकडं. कोणाला बी इचारा, सिस्टरची कॉफी म्हणायचं."

सर पेपर न घेताच घरी आले. दुकानात गर्दी होती, तरी आतल्या बाजूला जाऊन त्यांनी बायकोला ते शब्द जसेच्या तसे सांगितले. सांगताना त्यांची छाती फुगली होती. स्वतःचं नाव कुठं छापून आलं असतं तरी एवढे खूश झाले नसते.

दीपमालाबाईंनी ऐकून घेतलं. गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "परत सांगा बरं, काय म्हणाला तो?"

सरांनी परत सांगितलं.